घरगुती संगीतयंत्र आणि आंकड्यांचा मोह

ज्या घरांत चांगलें गाणें नित्य ऐकलें जातें, त्या घरांतील मुलांचे कान आणि मन हीं दोन्हीही घडत जातात, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. पूर्वीं ग्रामोफोन, मग रेडिओ, त्यानंतर कॅसेट आणि सीडी अशा क्रमानें गाणें आपल्या घरीं आलें. हल्लीं तें बहुधा आंकड्यांच्या रूपानें येतें आणि घरांत आल्यावर पुन्हां ध्वनीचें रूप घेतें. आंकड्यांपासून विजेची लहर तयार करणाऱ्या या यंत्रास डिजिटल-टु-ॲनालॉग कन्व्हर्टर, संक्षेपानें ‘डॅक’, असें म्हणतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थी याविषयीं आम्हांस वारंवार विचारूं लागले आहेत. गेल्या सत्रांत एका पालकांनीं शाळेंत येऊन, “मुलगा पंचवीस हजारांचा डॅक मागतो आहे, त्यावांचून गाणें नीट ऐकूंच येत नाहीं असें म्हणतो. घेऊन द्यावा काय ?” असा सरळ प्रश्न केला. हा प्रश्न एकाच घरचा नाहीं. पंचवीस हजार रुपये ही रक्कम आपल्या शाळेंतील पुष्कळ कुटुंबांस सहज बाजूस काढतां येण्याजोगी नव्हे. म्हणून या अंकाच्या निमित्तानें आमचें मत आम्ही येथें कारणांसह मांडीत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, डॅक नाहीं असें घर आज क्वचितच सांपडेल. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, मोटारींतील रेडिओ, यांतील प्रत्येकांत तो बसविलेला असतोच. बिनतारी हेडफोन वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तर हें विशेष लक्षांत ठेवावें, कारण त्यांचा डॅक हेडफोनच्याच पोटांत असतो. आंकडे हवेंतून थेट तेथवर जातात, आणि टेबलावर मांडलेला महाग डॅक त्या मार्गांत कोठेंच येत नाहीं. म्हणून “डॅक घ्यावा काय ?” हा प्रश्नच मुळीं अपुरा आहे. “आपल्यापाशीं जो आहे त्यांत नेमकें उणें काय आहे ?” असें विचारावयास पाहिजे.

आतां या यंत्राचें काम थोडक्यांत पाहूं. सीडीवर डाव्या व उजव्या अशा प्रत्येक बाजूच्या ध्वनिलहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजून लिहिलेली असते. प्रत्येक उंची ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एकीवर बसवितात. दोनाचा सोळावा घात ६५,५३६ होतो, म्हणून हा १६ बिटांचा हिशेब. हें ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, यंत्रांतून निघणारी लहर जिन्यासारखी ओबडधोबड असते आणि पायऱ्या वाढविल्या कीं ती गुळगुळीत होते. ही समजूत चुकीची आहे. हॅरी नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं या शास्त्राचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनीं १९४९ सालीं त्याची सिद्धता मांडली. तिचा आशय असा कीं, लहरींतील सर्वांत जलद कंपाच्या दुपटीहून अधिक वेळां माप घेतलें, तर त्या मापांवरून मूळची लहर संपूर्णपणें उभी करतां येते. भूमितींत दोन बिंदूंनीं सरळ रेषा ठरते. त्याच रेषेवर आणखी चार बिंदू दिल्यानें ती अधिक सरळ होत नाहीं. येथेंही तोच न्याय आहे. डॅकच्या शेवटीं गाळणी असते, ती मधले कोपरे काढून टाकते आणि अखंड लहर बाहेर पडते. पायऱ्या मोजक्या असल्यामुळें जी चूक राहते ती मंद सरसर आवाजाच्या रूपानें राहते, आणि हा आवाज सर्वांत मोठ्या स्वराहून सुमारें ९६ डेसिबलनीं खालीं असतो. रात्रीच्या शांत खोलींतही सुमारें ३० डेसिबल आवाज असतोच. त्याच्याही वर ९६ डेसिबल चढवावयाचे म्हटलें, तर गाणें ऐकणाऱ्याचे कान दुखूं लागतील.

कानाचीही मर्यादा आहे. लहान मुलांस दर सेकंदास सुमारें २०,००० कंपांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो, आणि वय वाढेल तशी ही मर्यादा खालीं उतरते. ४४,१०० चें अर्ध २२,०५० होतें, म्हणजे बाळाच्या कानासही पुरेसें. असें असतां पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थानें दर सेकंदास ७,६८,००० मापें वाचणारें यंत्र केवळ त्या आंकड्यासाठीं घ्यावें, यांत आम्हांस तरी कांहीं हंशील दिसत नाहीं.

डब्यावरील आंकडा आणि आंतील गुण यांची फारकत या यंत्राच्या जन्मकाळींच दिसून आली होती. १९८२ च्या ऑक्टोबरांत सोनी कंपनीनें जपानांत सीडी प्लेअर विक्रीस आणला. या योजनेंत तिची भागीदार असलेल्या फिलिप्स कंपनीजवळ त्या वेळीं १४ बिटांचा परिवर्तक तयार होता, आणि तबकडी तर १६ बिटांची ठरलेली. फिलिप्सच्या अभियंत्यांनीं दर सेकंदाच्या ४४,१०० अंकांचे गणितानें चौपट, म्हणजे १,७६,४०० अंक केले आणि उरलेली चूक कानास न ऐकूं येणाऱ्या प्रदेशांत ढकलून त्या १४ बिटांच्या चिपकडून जवळजवळ १६ बिटांचें काम करून घेतलें. ‘१४ हे १६ हून कमी’ एवढेंच गणित करून जो ग्राहक दुकानांतून परत फिरला असेल, त्यानें एक उत्तम यंत्र सोडलें असें म्हणावें लागेल. आजच्या बहुतेक चिपांत हीच युक्ति फार पुढें नेलेली आहे. पायऱ्या थोड्याच असतात, पण त्यांची उलटापालट सेकंदास लक्षावधि वेळां होते. उलट ‘३२ बिट’ असें ज्या डब्यावर छापलेलें असतें, तो डॅक ३२ बिटांचे आंकडे स्वीकारतो एवढाच त्याचा अर्थ. विजेच्या मंडलांत उष्णतेमुळें जी सूक्ष्म खळबळ सदैव चालू असते, तिच्यामुळें अत्युत्तम डॅकचीही खरी मजल २१-२२ बिटांच्या पलीकडे जात नाहीं.

याविषयीं पद्धतशीर परीक्षाही झालेल्या आहेत. २००७ सालीं ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनीं अमेरिकेंत अधिक सूक्ष्म प्रतीचें ध्वनिमुद्रण एकदां जसेंच्या तसें आणि एकदां सीडीच्या मापांतून गाळून श्रोत्यांस ऐकविलें. ५५४ वेळां विचारतां २७६ वेळां उत्तर बरोबर आलें, म्हणजे नाणें उडवून जितकें यावें तितकेंच. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ सालीं जोशुआ राइस यांनीं अशा १८ प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ निघालें. कानास शिक्षण दिलेल्या श्रोत्यांत तें याहून अधिक होतें. तेव्हां फरक मुळींच नसतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो फरक शोधण्यास हजारों चांचण्या एकत्र कराव्या लागतात, त्यावांचून ‘गाणें ऐकूंच येत नाहीं’ असें म्हणणें ही अतिशयोक्ति होय.

मग नवा डॅक आणल्यावर आवाज उघडला, पडदा सरला, असें जे शेंकडों लोक सांगतात ते खोटें बोलतात काय ? मुळींच नाहीं. त्यांस तसें खरोखरीच वाटतें. पण वाटण्याचीं कारणें निराळीं असतात. पहिलें कारण आवाजाची पातळी. टेबलावरील डॅक साधारणपणें २ व्होल्टपर्यंत वीज बाहेर देतात, कांहीं त्याहूनही अधिक देतात, तर मोबाइल किंवा लहान अडॅप्टर बहुधा कमी देतात. दोन यंत्रांपैकीं एक किंचित् मोठें वाजत असेल, तर तो मोठेपणा मोठेपणा म्हणून कळत नाहीं. तें यंत्र अधिक गोड वाटतें. दुसरें कारण अपेक्षा. ज्या वस्तूसाठीं मनुष्यानें वर्षभर पैसे सांठविले, ती चांगलीच असणार असें त्याचें मन आधींच ठरवून बसतें. तिसरें कारण असें कीं, नवें यंत्र आणल्या दिवशीं आपण लक्ष देऊन ऐकतों. त्याच लक्षानें जुन्या यंत्रावर तेंच गाणें ऐकलें असतें, तर तेथेंही पूर्वीं न ऐकलेल्या जागा सांपडल्या असत्या.

म्हणून आम्हीं त्या पालकांस सुचविलें तेंच सर्वांस सुचवितों. विकत घेण्यापूर्वीं यंत्र चार दिवस उसनें मिळवावें आणि घरींच परीक्षा घ्यावी. विज्ञानाच्या तासास शोभेल असाच हा प्रयोग आहे. एक मंद कंपाचा स्थिर स्वर लावून दोन्ही डॅकमधून निघणारी वीज व्होल्टमापकानें मोजावी आणि ती शेंकडा एकाच्या आंत सारखी करून घ्यावी. मग एकानें पडद्याआड बसून दर वेळीं नाणें उडवावें आणि छाप पडल्यास जुना, कांटा पडल्यास नवा डॅक जोडावा. ऐकणारानें कोणता लागला तें कागदावर लिहावें. मधून तोंड पाहूं नये, खूण करूं नये. असें १६ वेळां करावें. १६ वेळां नाणें पडण्याचे एकंदर प्रकार ६५,५३६ होतात. सीडीच्या पायऱ्यांचीही संख्या हीच, हें विद्यार्थ्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. त्यांपैकीं १२ किंवा अधिक उत्तरें नुसत्या दैवानें बरोबर येण्याचे प्रकार फक्त २,५१७ आहेत, म्हणजे साधारण सव्वीसांत एक. तेव्हां १२ बरोबर आलीं तर मुलाच्या म्हणण्यास वजन आहे असें बापानें समजावें. आठ-नऊ आलीं तर पैसे घरांत ठेवावे. यांत कोणाचा अपमान नाहीं आणि वादही उरत नाहीं.

डॅक बदलणें योग्य असे प्रसंग मात्र निश्चितपणें आहेत, आणि ते ओळखण्याची खूण अशी कीं, त्यांत दोषास नांव देतां येतें. ‘आवाजांत जीव नाहीं’ हें दोषाचें नांव नव्हे. ‘गाणें थांबलें तरी हेडफोनांत सरसर ऐकूं येते’ हें दोषाचें नांव आहे. जुन्या लॅपटॉपमध्यें असें पुष्कळदां होतें, आणि माउस हलविला कीं ती सरसर बदलते. अशा वेळीं यूएसबीला जोडण्याचा साधा बाहेरचा डॅक लागलीच गुण देतो. मोबाइलला हेडफोनचें भोंकच नसणें ही दुसरी उघड गरज. ॲपलनें २०१६ सालीं आयफोन ७ मधून तें काढून टाकलें आणि पुढें इतर अनेक कंपन्यांनीं तोच मार्ग धरला. तेथें बोटभर लांबीचा अडॅप्टर लागतो. त्याच्या टोंकाशीं बारीकसा डॅक असतो आणि हजार-दोन हजार रुपयांत तो पुरेसा चांगला मिळतो. तिसरा प्रसंग ३०० ओहमसारख्या मोठ्या रोधाच्या हेडफोनचा. लहान अडॅप्टरकडून त्यांस पुरेसा जोर मिळत नाहीं. येथें उणीव ॲम्प्लिफायरची असते. ती भरून निघेल असें यंत्र पहावें, चिपच्या नांवामागें लागूं नये.

चौथा प्रसंग घूं घूं आवाजाचा. आमच्या परिचयाच्या एका घरीं टीव्ही ॲम्प्लिफायरला जोडला कीं स्पीकरांतून सारखी घरघर येई. दुकानदारानें संबंध संचच बदलावयास सांगितलें होतें. केबलवाल्याची तार टीव्हीच्या मागून काढून पाहिली, तों घरघर थांबली. टीव्ही त्या तारेमार्गें एकीकडे आणि ॲम्प्लिफायर भिंतींतील प्लगमार्गें दुसरीकडे, असे दोघेही जमिनीशीं जोडले गेल्यामुळें मध्यें विजेचा फेरा तयार झाला होता. अशा ठिकाणीं प्रकाशतंतूची तार उपयोगी पडते. तोशिबा कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या या तारेंतून आंकडे प्रकाशाच्या रूपानें जातात, वीज जात नाहीं, त्यामुळें फेरा तुटतो. तिच्या टोंकाशीं एक लहानसा डॅक बसविला आणि थोडक्या खर्चांत काम झालें. मात्र घरघर घालविण्यासाठीं प्लगचा अर्थिंगचा खिळा काढण्याचा जो उपाय कोणी कोणी सांगतात, तो विद्यार्थ्यांनीं कधींही करूं नये. तो खिळा आपल्या जिवाच्या रक्षणासाठीं आहे.

गरज ठरली म्हणजे निवड कठीण राहत नाहीं. आपल्या यंत्रांस जुळणारीं जोडणीचीं भोंकें आहेत काय, ॲम्प्लिफायरला पुरेशी वीज मिळते काय, स्वतंत्र परीक्षकांनीं मोजून प्रसिद्ध केलेले आंकडे कोठें उपलब्ध आहेत काय, आणि बिघडल्यास दुरुस्ती आपल्याच शहरांत होईल काय, एवढे प्रश्न पुरे आहेत. चिपच्या नांवाचा फार बाऊ करूं नये. २०२० च्या ऑक्टोबरांत जपानांतील नोबेओका येथें आसाही कासेई कंपनीच्या चिप-कारखान्यास मोठी आग लागली, आणि तिच्या चिपांवर विसंबलेल्या अनेक कंपन्यांस आपलीं यंत्रें दुसऱ्यांच्या चिपांभोंवतीं नव्यानें आंखावीं लागलीं. चिपचें नांव बदललें, तरी नीट आंखलेलीं यंत्रें नीटच वाजत राहिलीं. नव्या मुद्रांचाही मोह धरूं नये. ‘एमक्यूए’ नांवाची पद्धत २०१४ सालीं पुढें आली, आणि ती वाचणारा डॅक पाहिजे म्हणून पुष्कळांनीं चांगले चालणारे डॅक बाजूस सारले. २०२३ सालीं ती चालविणारी कंपनी डबघाईस येऊन दुसऱ्याच्या हातीं गेली, आणि २०२४ सालीं टायडल या संगीतसेवेनेंही ती पद्धत सोडली. ज्यांनीं त्या मुद्रेसाठीं जादा पैसे मोजले, त्यांच्यापाशीं आतां डब्यावरील अक्षरें तेवढीं उरलीं आहेत.

मग पैसे असतील तर ते कोठें लावावे ? आमचें उत्तर असें कीं, प्रथम स्पीकरांत अथवा हेडफोनांत. चांगला डॅक मूळ लहरींत शेंकड्याच्या हजाराव्या भागाइतकीच भेसळ करतो, तर स्पीकर खर्जाचे स्वर मोठ्यानें वाजवितांना शेंकडा एक-दोन किंवा अधिकही करतात. जेथें गळती मोठी तेथें आधीं ठिगळ लावावें, हा व्यवहार आहे. त्यानंतर खोली. उघड्या फरशीच्या आणि उघड्या भिंतींच्या खोलींत आवाज घुमतो. जाड पडदा, सतरंजी आणि पुस्तकांचें कपाट यांनीं तो आवरतो. स्पीकर कोपऱ्यांतून काढून भिंतीपासून थोडा पुढें आणणें आणि कानाच्या उंचीवर ठेवणें यास तर एक पैही पडत नाहीं, आणि त्याचा परिणाम डोळे मिटूनही ओळखतां येतो. तिसरें म्हणजे ध्वनिमुद्रण स्वतः. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ज्या ध्वनिमुद्रिका आपण आज ऐकतों, त्या १९३७ च्या पूर्वींच्या. तीन-चार मिनिटांत मावेल तेवढेंच गाणें आणि त्या काळच्या तबकडीवर उमटतील तेवढेच स्वर त्यांत आहेत. जें तबकडीवर उमटलेंच नाहीं तें कोणताही डॅक निर्माण करूं शकत नाहीं. पण तबकडी काळजीनें स्वच्छ करून कोणीं तिची प्रत घेतली असेल, तर त्या प्रतींत आणि निष्काळजीपणें केलेल्या प्रतींत जमीन-अस्मानाचें अंतर असतें. हें अंतर ऐकण्यास महाग यंत्र लागत नाहीं, निवड करणारा कान लागतो.

कान शाबूत राहणें ही सर्वांत मोठी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांसाठीं तितक्याच तासांस ७५ डेसिबल, अशी मर्यादा सुचविलेली आहे. अधिक जोराचें यंत्र मुलाच्या हातीं देतांना ही मर्यादा पालकांनीं त्यास समजावून द्यावी. मोठ्या आवाजानें गेलेली श्रवणशक्ति परत आणणारा डॅक बाजारांत मिळत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, सुंदर यंत्र बाळगण्यांतही एक आनंद आहे, सर्व कांहीं मोजूनच घ्यावयाचें काय ? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. चांगलें घड्याळ, चांगली लेखणी यांप्रमाणें चांगल्या घडणीचा डॅकही मनुष्यानें हौसेनें घ्यावा, ऐपत असेल तर अवश्य घ्यावा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हौसेस हौस म्हणावें. तिला कानाची गरज असें नांव देऊन बापाकडून पैसे मागूं नयेत, आणि मित्राच्या घरचा साधा संच पाहून नाक मुरडूं नये.

विद्यार्थ्यांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे. येत्या सुटींत जें यंत्र घरांत आहे त्यावरच एखादा राग रोज अर्धा तास ऐका. तानपुऱ्याच्या चार तारा निरनिराळ्या ओळखूं येतात काय, षड्जाच्या तारेंतून आपोआप उमटणारा गांधार ऐकूं येतो काय, गवई सम गांठतांना तबल्याच्या डग्ग्याचा आवाज कसा बदलतो, हें वहींत टिपून ठेवा. महिन्यानें ती वही आणि यंत्रांची जाहिरात शेजारीं शेजारीं ठेवून वाचा. त्या जाहिरातींतील एखादी गोष्ट तुमच्या वहींतील एखाद्या उणिवेस खरोखर लागू पडत असेल, तर वही घेऊन आमच्याकडे या. यंत्र निवडण्याच्या कामीं आम्ही आनंदानें साह्य करूं.